घर्षणाचा जोड : चकाकीवर भाव ठरवू नका

अॅल्युमिनियमचा पत्रा जोडायचा म्हणजे आर्गन वेल्डिंग, हेच आपल्या बहुतेक कारागिरांच्या हाताला ठाऊक आहे. १९९१ साली ब्रिटनमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट काढली. तिचे नाव फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. कठीण पोलादाचे फिरते हत्यार दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून पुढे सरकवायचे. घर्षणाने धातू कणकेसारखा मऊ होतो आणि ढवळला जाऊन एकजीव होतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. येथे उष्णता तेथवर जातच नाही. म्हणून सळई नाही, गॅस नाही, वायूची छिद्रे नाहीत आणि पत्राही फारसा वाकत नाही.

हे सारे गुण आम्हास मान्य आहेत. परंतु 'जोड पत्र्याइतकाच मजबूत' असे सरसकट सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ५०८३ जातीच्या नरम पत्र्याच्या बाबतीत हे बहुतांशी खरे ठरते. ६०६१-टी६ची गोष्ट वेगळी. त्याची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. जोडाच्या कडेचा पट्टा पुन्हा तापला की तेथे तो मऊ पडतो. अशा जोडाची ताकद मूळ पत्र्याच्या साधारण तीन-चतुर्थांश भरते आणि ओढले असता तो बहुधा त्या कडेलाच तुटतो.

गंजाचेही तसेच. २०२४ व ७०७५ या जातींत तापलेल्या पट्ट्यातील कणांच्या सीमा खाऱ्या हवेत आतून पोखरल्या जातात. वरून जोड चकचकीत दिसतो, आत मात्र कमकुवत होत जातो.

तेव्हा आमच्या बांधवांनी काम घेण्यापूर्वी पत्र्याची जात विचारावी. नवे सेटिंग लावले की जोडाची एक पट्टी कापून, खालची बाजू बाहेर येईल अशी वाकवून पाहावी. तळाशी न मिळालेला सांधा लगेच उघडा पडतो. एक तुकडा साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात ठेवून पाहावा. किनाऱ्यावरच्या कामाला रंग किंवा अॅनोडायझिंग केल्याशिवाय माल देऊ नये.

या तपासणीचा खर्च दरात धरावा आणि पत्र्याची जात बिलावर लिहून द्यावी. गाडीची फळी किंवा होडीचा सांधा उद्या सुटला, तर गिऱ्हाईक यंत्राला नव्हे, कारागिरालाच जाब विचारणार आहे.