ताम्रपटातला मधुमती आणि आपल्या कपाटातले कागद

वक्फच्या 'उमीद' पोर्टलवर मालमत्तेची नोंद करण्यासाठी २०२५ मध्ये जी धावपळ झाली, ती वसई-विरारमधल्या ट्रस्टींना आठवत असेल. ६ जूनला पोर्टल सुरू झालं, मुदत सहा महिन्यांची. कुणाकडे सातबारा होता पण वक्फनामा नव्हता, तर कुणाकडे फक्त "आजोबांच्या आधीपासून इथे नमाज होते" एवढीच साक्ष. नव्या कायद्याने 'वापराने वक्फ' ही कल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकल्यावर अशा तोंडी साक्षीचं वजन किती राहिलं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी एनसीईआरटीच्या सातवीच्या नव्या पुस्तकातून दिल्ली सल्तनत आणि मुघल गेले. आठवीच्या पुस्तकात मुघल आहेत, पण क्रौर्यावर जोर देऊन. त्यावर आपल्याकडे भरपूर चर्चा झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर फारच. पण दोन्ही बाजू भांडतात ते दिल्लीवरून. आमच्या मते कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या मुसलमानाची गोष्ट दिल्लीपासून सुरू होतच नाही.

विरारहून डहाणू लोकल पकडा आणि वाणगावला उतरून चिंचणीला जा. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या या गावात काही ताम्रपट सापडले. संस्कृतात कोरलेले हे लेख दिनेशचंद्र सरकार यांनी वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. तो सांगतो की राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार मधुमती नावाच्या 'ताजिक' माणसाकडे सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात.

या मधुमतीने नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातलं. त्यात भात, कालवण आणि तूप मिळे, हेसुद्धा ताम्रपटात कोरलेलं आहे. पुढे राजा इंद्र तिसरा याच्या संमतीने त्याने भगवती देवीच्या मठाला जमीन दिली. मुसलमान अधिकारी, हिंदू राजा, देवीचा मठ. लिहिणाऱ्याला त्यात नवल वाटल्याचं दिसत नाही. मुहम्मद घोरी दिल्लीकडे वळायला तेव्हा अजून अडीचशे वर्षं होती.

मात्र याचं लगेच पोस्टर करू नये. तोच लेख म्हणतो की मधुमतीने बंदरांवरच्या प्रमुखांना हरवून तिथे आपली माणसं बसवली. तो सत्ताधारी होता, सुफी नव्हता. राजालाही दर्यावरचा व्यापार सांभाळणारा जाणता माणूस हवा होता. सोय दोघांची होती, आणि त्या सोयीतून एकत्र नांदण्याची रीत पडली. आम्हाला हे जास्त खरं वाटतं, म्हणून जास्त मोलाचंही.

याच सुमाराला बगदादचा अल-मसऊदी हा प्रवासी या किनाऱ्यावर आला. हिजरी ३०४ मध्ये तो सैमूरला, म्हणजे चौलला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान असल्याचं आणि त्यांच्यावर त्यांच्यातलाच प्रमुख नेमलेला असल्याचं त्याने लिहिलंय. बंदरांच्या यादीत त्याने 'सुबारा' हे नावही घेतलं आहे. म्हणजे आपलं सोपारा, लोकल थांबते तेच नालासोपारा!

सोपाऱ्याचा बौद्ध काळ आज आपल्याला माहीत आहे तो पंडित भगवानलाल इंद्रजींमुळे. १८८२ मध्ये त्यांनी इथला स्तूप खणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनीच उजेडात आणला. नववा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. वसईच्या ख्रिस्ती बांधवांनी आपल्या चालीरीती, बोली आणि आठवणी 'सुवार्ता' मासिकातून मराठीत लिहून ठेवल्या. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. आपण काय लिहून ठेवलं? मधुमतीचं नाव तरी आपल्या किती घरांत ठाऊक आहे? 'आमचा इतिहास पुसला' ही तक्रार खरी आहे, पण आपणच न लिहिलेला इतिहास पुसायला फार कष्ट पडत नाहीत.

हे काम प्राध्यापकांवर सोडून चालणार नाही, कारण सोपाऱ्यात जुनी घरं पडून टॉवर उभे राहतायत आणि घराबरोबर माळ्यावरची पेटीही भंगारात जाते. त्या पेटीत निकाहनामे असतात, खरेदीखतं असतात, मोडीतले कागद असतात. मोडी वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. मोडी वाचणारे आजही भेटतात. कब्रस्तानातल्या ज्या दगडावर हिजरी सन आहे त्याचा फोटो काढायला एक मोबाईल आणि एक सकाळ पुरते. फक्त चुना फासण्याआधी काढा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा आहे, त्यामुळे आपली जुनी माहिती शोधताना ठाण्याच्या नावानेच शोधावी लागते. १८८२ चं गॅझेटियरही ठाणे जिल्ह्याचंच आहे, आणि त्यात सोपाऱ्यावर बरंच काही आहे.

पोर्टलसाठी काढलेल्या झेरॉक्सच्या फाइली अजून ट्रस्टींच्या कपाटात असतील. सुरुवात तिथून होऊ शकते. प्रत्येक कागदामागे एक पान जोडायचं: जागा कुणी दिली, कधी दिली, शेजारी कोण राहत होतं. ज्यांना हे आठवतं ती माणसं सध्या ऐंशीच्या पुढची आहेत.