नोकरी मिळाली, घराचे काय?

नांदेड जिल्ह्यातला एक तरुण अलीकडे आमच्या कार्यालयात आला. महापे येथील एका कंपनीत त्याला नोकरी लागली आहे. नवी मुंबईतले भाडे परवडत नाही म्हणून तो शीळफाटा आणि कल्याण-शीळ रस्त्यावर खोली शोधत होता. दलालाने फोनवर सांगितले, खोली रिकामी आहे, आजच या. तिथे गेल्यावर मालकाने नाव विचारले. मग 'पूर्ण नाव' विचारले. मग 'व्हेज की नॉनव्हेज' विचारले. शेवटी सांगितले, माझ्या भावाने खोली आधीच कुणाला तरी दिली आहे. आठ दिवसांत तीन ठिकाणी हेच घडले. तरुणाचा आम्हाला एकच प्रश्न होता, "सर, याला कायद्यात काही आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्याला आमचा अनुभव सांगितला. २००६ साली वकिली करण्यासाठी आम्ही कल्याणला आलो, तेव्हा एका दलालाने आम्हाला प्रेमाने सल्ला दिला होता. वकीलसाहेब, फक्त नाव सांगा, आडनाव सांगू नका, आणि बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये न लावता आतल्या खोलीत लावा. आम्ही ती खोली घेतली नाही. मात्र तो सल्ला मुकाट्याने मानून राहणारे आपले किती बांधव आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

हे दुखणे आजचे नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले आणि सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेले. कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते, संस्थानची नोकरी होती. नव्हते ते फक्त डोक्यावर छप्पर. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला जमाव वर आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. कमाठी बागेत वेळ काढून बाबासाहेबांनी रात्री मुंबईची गाडी पकडली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सारे नोंदवून ठेवले आहे.

बडोद्याच्या त्या प्रसंगाकडे आपण अपमानाची कथा म्हणून पाहतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. पण त्यातला व्यवहार पाहा. नोकरी राज्याने दिली, घर समाजाने नाकारले, आणि घर नाही म्हणून नोकरी गेली. आजही तेच सूत्र चालू आहे. शिक्षण आणि आरक्षण आपल्या मुलाला कार्यालयाच्या दारापर्यंत नेऊन सोडते. खाजगी घराच्या दारात मात्र ना आरक्षण असते, ना अधिकारी, ना साक्षीदार. तिथे फक्त आडनाव असते.

आता शीळफाट्याचा विचार करू. मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याण यांना जोडणारा हा नाका. एका हाताला ठाणे-बेलापूर पट्टा, दुसऱ्या हाताला तळोजा आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत. बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून इथेच बाहेर येणार आहे. साहजिकच रस्त्याच्या कडेला टोलेजंग संकुले उभी राहिली. त्यांच्या पाठीमागे डोंगराच्या पायथ्याला आणि गावठाणांच्या कडेला दुसरी वस्ती उभी राहिली. तिथे आडनाव कोणी विचारत नाही. भाडे कमी, नाहीतर 'हेवी डिपॉझिट' द्या आणि बिनभाड्याने राहा. ज्याला चार ठिकाणी नकार मिळाला आहे, त्याला ही जागा देवदूतासारखी वाटते. या पट्ट्यात आपल्याबरोबर मुस्लिम बांधवही मोठ्या संख्येने आहेत. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत घर असुरक्षित झाले आणि नवे घर कोणी देईना, म्हणून हजारो कुटुंबे मुंब्र्यात आली. दार बंद करणारा हात एकच आहे, हे विसरता कामा नये.

पण जिथे आडनाव विचारत नाहीत, तिथे आपणही इमारतीचे कागद विचारत नाही. इथेच घात होतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये वनजमिनीवर उभी केलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. अवघ्या काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवले होते. वर काम चालू होते आणि खाली संसार थाटले गेले होते. मेलेल्यांत मजूर होते, बायका होत्या, लहान मुले होती. बारा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, त्याच शीळ परिसरातल्या १७ बेकायदा इमारती पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कल्याण-डोंबिवलीत तर महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. कायद्याच्या दृष्टीने हे आदेश योग्यच आहेत. पण बांधणारा पैसे घेऊन मोकळा होतो, डोळेझाक करणारा अधिकारी काही दिवस निलंबित होतो आणि रस्त्यावर येतो तो घर घेणारा किंवा भाडेकरू.

म्हणून आम्ही म्हणतो, अधिकृत घर नाकारणारा मालक आणि अनधिकृत घर गळ्यात मारणारा बिल्डर हे एकाच व्यवस्थेचे दोन हात आहेत. पहिला आपल्याला ढकलतो, दुसरा झेलतो, आणि झेलताना खिसा कापतो. केवळ गरिबीमुळे हे होत असते, तर भाडे देण्याची ऐपत असलेल्या त्या तरुणाला तीनदा परत यावे लागले नसते.

आता कायद्याचे पाहू. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आहेत. खाजगी घराचा उल्लेख नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखण्याचा उपविधी वैध ठरवला. बडोद्याच्या धर्मशाळेनंतर ८८ वर्षांनी 'आमच्यातच राहू' या तत्त्वाला न्यायालयाची मान्यता मिळाली. याचा फायदा उद्या कोण कोण घेईल, याचा विचार चळवळीने तेव्हाच करायला हवा होता.

तरीही आपण निःशस्त्र नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत निवासी जागा घेण्यास किंवा तिच्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे. कलम १२ तर त्याहून महत्त्वाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. एवढे हत्यार हाती असून ते आपण गंजू दिले. फोनवर नकार मिळाला की आपण पुढचा दलाल शोधतो. नकार लेखी संदेशात घ्या, तो जपून ठेवा, सोबत साक्षीदार न्या, जातीचा दाखला जवळ ठेवा. असे एक प्रकरण न्यायालयात उभे राहिले, तरी शंभर मालक विचार करतील.

घर घेताना किंवा भाड्याने राहताना मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहा. त्यांची महापालिकेत जाऊन खात्री करा. कारण दस्ताची नोंदणी झाली म्हणून इमारत अधिकृत होत नाही. वीजमीटर लागला, घरपट्टी आली, म्हणूनही होत नाही. बेकायदा बांधकामावर महापालिका शास्ती लावते, तीही मान्यता नव्हे. भाडेकराराची नोंदणी करणे ही भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार मालकाची जबाबदारी आहे. तोंडी व्यवहारावर 'हेवी डिपॉझिट' देऊ नका. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. कोकण मंडळाची घरे खोणी आणि शिरढोणलाही आहेत. त्यांचे अर्ज आपल्या किती विहारांत भरून दिले जातात?

शेवटचा प्रश्न आपल्यातल्याच सुस्थित बांधवांना आहे. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आपल्या अधिकाऱ्यांचे, प्राध्यापकांचे, बँक कर्मचाऱ्यांचे दुसरे फ्लॅट आहेत. ते भाड्याने देताना आपणही 'सोसायटीला चालेल असा' भाडेकरू शोधतो की गावाकडून आलेल्या आपल्या पोराला चावी देतो? बडोद्यातल्या त्या दोन मित्रांनीही मैत्री तोडली नव्हती, फक्त दार उघडले नव्हते.

नांदेडच्या त्या तरुणाला आम्ही कार्यकर्त्याच्या घरी तात्पुरती जागा मिळवून दिली आणि तिसऱ्या मालकाविरुद्ध तक्रार लिहायला बसवले. अर्जावर त्याने आपले पूर्ण नाव लिहिले. आडनावासकट.

जयभीम!