जावाचे अभ्यंगस्नान

मराठीच्या प्राध्यापकाने हातात पाना घेऊ नये, याविषयी आमच्या घरात एकमत आहे. सौ. आणि चिरंजीव यांचे या एका मुद्द्यावर जितके पटते तितके दुसऱ्या कशावरही पटत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा असला, तरी माझ्याकडे स्टूल धरून उभे राहण्याचेच काम येते. असे असूनही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एका मोटारसायकलचे इंजिन उघडायला बसलो. कारणच तसे घडले होते. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८२. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि ती बरीचशी एका जावा मोटारसायकलवर झाली. जावा म्हणजे ते बेट नव्हे. यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचे काम घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव केले. आपल्याकडे १९६१ पासून ती म्हैसूरला बनू लागली. पुढे तिची येझदी झाली आणि १९९६ साली तो कारखानाही बंद पडला. अण्णांची गाडी १९६६ ची. माझ्या लहानपणी मी तिच्या टाकीवर बसून कालव्याच्या कडेने किती हिंडलो आहे, त्याची गणती नाही.

ती गाडी अकरा वर्षे आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभी होती. अशात सोसायटीची चिठ्ठी आली, की न वापरली जाणारी वाहने हलवावीत. मी चहाच्या वेळी सहज म्हणून गेलो, "भंगारवाल्याला विचारलंय. तो वजनावर घेईल म्हणतो."

अण्णांनी कप बशीत ठेवला. काही बोलले नाहीत. नंतर आठ दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. जेवायला बोलावले तर येत, मीठ हवे असले तर सुनेकडे मागत. वाचकहो, रागावलेला बाप परवडतो. गप्प झालेला बाप घरात असला, की घड्याळाची टिकटिकसुद्धा आपल्यालाच बोलते आहे असे वाटते.

तेव्हा मी ठरवले, की गाडी चालू करून दाखवायची. प्लगमध्ये ठिणगी नव्हती, कार्ब्युरेटरमध्ये राळेसारखा डिंक साठला होता. ते सगळे गल्लीतल्या मिस्त्रीने पाहिले आणि सांगितले, "सर, हेड उघडायला लागंल. पण ते बसलंय. दिवाळी झाल्यावर बघू." सिलिंडरच्या डोक्यावरचे झाकण म्हणजे हेड. त्याचे चार नट त्याने माझ्यादेखत उलटसुलट कोपऱ्यांनी थोडे थोडे करून सोडवून दिले होते. नट निघाले आहेत, मग झाकण काढायला मिस्त्री कशाला? मी पेचकस घेतला, हेड आणि ब्लॉक यांच्या फटीत घातला आणि वरून हातोडी मारली. हेड हलले नाही. दुसऱ्यांदा पेचकस वरच्या पात्यांमध्ये अडकवून उचकटले. इंजिन थंड राहावे म्हणून या पात्या असतात. खट्कन आवाज झाला आणि करंगळीएवढा एक तुकडा माझ्या पायाशी पडला.

"मोडलंस?"

मागे वळून पाहिले. अण्णा काठी टेकून उभे होते. आठ दिवसांतला हा पहिला शब्द, आणि तो असा! मी मान खाली घातली. त्यांनी तो तुकडा मागून घेतला, खिशात घातला आणि स्टूल मागवले. त्यावर बसून ते म्हणाले, "आधी हे सांग, ते धरलंय कुठं?"

मला ते कुठून माहीत असणार? मग त्यांनी सांगितले ते असे. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, आणि हेडच्या भोकांतून वर आलेले चार स्टड पोलादाचे. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल शिरली, की त्यांचे आपसांत भांडण लागते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते. झिजून नाहीसे झाले असते तर प्रश्न नव्हता. पण त्याची पांढरी भुकटी होते, तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, आणि ती स्टडभोवती पाचरीसारखी घट्ट बसते. "म्हणजे हेड चिकटलंय ते खाली ब्लॉकला कमी आणि या चार खांबांना जास्त. आणि तू ठोकतोयस भलतीकडेच."

माझ्या विद्यार्थ्यांनी कवितेचा अर्थ चुकवला म्हणजे मी जितक्या तुच्छतेने बोलतो, त्याच्या निम्म्यानेही ते बोलले नाहीत. हे मला त्याच वेळी जाणवले आणि जरा लाजही वाटली.

पहिले काम तेलाचे. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून डिझेलमध्ये थोडे पातळ ऑइल मिसळले. ड्रॉपरने प्रत्येक स्टडच्या मुळाशी चार चार थेंब, रात्री एकदा, सकाळी एकदा. मध्ये लाकडी मोगरीने हेडच्या जाड भागावर हलके ठोके द्यायचे, पात्यांना स्पर्श करायचा नाही. ठोक्याने जी कंपने होतात त्यांच्या वाटेने तेल आत उतरते. असे तीन दिवस चालले. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अण्णा, गॅसची बत्ती लावून तापवू या का?" ते म्हणाले, "डिझेलनं भिजलेल्या इंजिनावर? दिवाळीचा बार तिथंच उडवायचाय का?"

तिसऱ्या दिवशी किकचा प्रयोग झाला. चारही नट पुन्हा चढवले, पण वर दोन सूत जागा ठेवून. हेड सुटलेच तर उडून तोंडावर येऊ नये म्हणून. प्लग घट्ट बसवला आणि किक मारली. पिस्टन वर येताना कोंडलेली हवा हेडला खालून ढकलते, अशी त्यातली युक्ती. जावाचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून मागे फिरवायचा, हे चिरंजीवांना आजोबांनी शिकवले. त्याने वीस किका मारल्या. हेड ढिम्म.

चौथ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे मी उटणे लावून बसलो होतो, तोच अण्णांची हाक आली, "पाणी कसं आहे रे? उकळतंय का?" मला वाटले, माझ्या आंघोळीची चौकशी आहे. पण ते म्हणाले, "तेल तर तिला तीन दिवस लावलंय. आता ऊन पाणी घाल."

उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून प्लग जागेवर ठेवून हेडवर दोन पातेली उकळते पाणी ओतले. सौ. पातेली देताना म्हणाली, "घरातल्या माणसांची आंघोळ व्हायची आहे अजून." मग फडक्याने पुसून, हात भाजत प्लग काढला. अण्णांनी कपडे वाळत घालायची सुती दोरी मागवली. जावा दोन स्ट्रोकची, तिच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. त्यांत दोरी सापडली तर तुटते. म्हणून पिस्टन आधी खिडक्यांच्या वर आणला, मगच प्लगच्या भोकातून हात-दीड हात दोरी आत कोंबली आणि टोक बाहेर ठेवले. "आता पायानं नाही. हातानं दाब, सावकाश."

मी दांड्यावर भार टाकला. पिस्टन वर आला, दोरीला टेकला, अडला. "थांब. धरून ठेव." मी धरून ठेवले. किती वेळ, सांगता येत नाही. मग टच् असा बारीक आवाज झाला, पेटीची कडी निघावी तसा. एका स्टडच्या मुळाशी पांढरी भुकटी सांडली आणि हेड केसभर वर आले.

पुढे एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला मोगरीचा ठोका, म्हणजे ते तिरके होऊन पुन्हा अडकू नये. दहा मिनिटांत हेड माझ्या हातात होते. आत पाण्याचा थेंब राहून गंज चढू नये म्हणून अण्णांनी सिलिंडर स्वतः पुसला आणि तेलाचे बोट भिंतीवरून फिरवले. त्या बोटाला थरथर होती, पण सिलिंडरमध्ये गेल्यावर ती दिसली नाही.

गाडी मार्गशीर्षात चालू झाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी धूर पाहिला आणि वाहन वापरात असल्याची नोंद करून घेतली. ती तुटलेली पाती वेल्डिंगने जोडून घेऊ या, असे मी अण्णांना म्हटले. त्यांनी खिशातला तो तुकडा काढून पाहिला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"असू दे तशीच," ते म्हणाले. "तेवढी एक तुझी सही राहू दे गाडीवर."