यादीत नाही, म्हणून पाण्यात नाही?

विहिरीच्या पाण्याच्या अहवालात ‘कीटकनाशके आढळली नाहीत’ असा शेरा आला, की गावाला तेवढं पुरतं. पण कोणती रसायनं शोधली, किती बारीक प्रमाणापर्यंत मोजली आणि नमुना कधी घेतला, हे लिहिलेलं नसेल तर त्या शेऱ्याला पुरावा म्हणता येत नाही. आपल्या आयएस 10500 या पेयजल मानकाच्या 2012 च्या आवृत्तीतली कीटकनाशकांची यादी पाहा. शेतीतून कधीच बाद झालेलं डीडीटी तिच्यात आहे, 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेलं एंडोसल्फानही आहे. ती दीर्घकाळ टिकणारी रसायनं असल्याने ती शोधायलाच हवीत. मात्र 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक जीव गेले, तेव्हा चर्चेत आलेली प्रोफेनोफॉस आणि डायफेन्थियुरॉन ही नावं तिथे नाहीत. जे शोधलंच नाही, ते सापडणार कुठून?

‘इतक्या सूक्ष्म अंशाने काय बिघडतं, उगाच घबराट कशाला,’ असं यावर म्हटलं जातं. अंश सापडला म्हणजे पाणी विषारी ठरलं असं नाही, हे मान्य. पण धोका नाही असं म्हणायलाही आधी आकडा लागतो. शिवाय 2003 च्या बाटलीबंद पाण्याच्या वादानंतर त्या पाण्यासाठी एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम ठरली, म्हणजे एक कोटी लिटरमध्ये एक ग्रॅम. नळाच्या पाण्यात मात्र क्लोरपायरिफॉसला 30 मायक्रोग्रॅमची मुभा आहे. विकत घेणाऱ्याला एक माप आणि नळावर भरणाऱ्याला तीनशेपट सैल माप, याचं समर्थन कोणत्या विज्ञानाने होतं? पाणी क्लोरीनने शुद्ध होतंच, हा दिलासाही अपुरा आहे. क्लोरीनमुळे याच क्लोरपायरिफॉसचं रूपांतर अधिक विषारी ऑक्सॉनमध्ये होतं, आणि चाचणी फक्त मूळ रसायनाची असेल तर ते निसटतं.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. गावपातळीवरचा तपासणी संच क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट दाखवतो. कीटकनाशकासाठी लिटरभर पाण्यातला अर्क मिलीलिटरभर द्रावकात उतरवून मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजावा लागतो. पण त्या यंत्रावर एकाच फेरीत अनेक रसायनं तपासता येतात, आणि प्रत्येक नळ तपासा असं कोणी म्हणतही नाही. कपाशीच्या, उसाच्या, द्राक्षांच्या पट्ट्यातल्या निवडक विहिरी घ्याव्यात, फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात नमुना काढावा, उन्हाळ्यात नव्हे. आणि काय शोधायचं ते त्या तालुक्यातल्या कृषी केंद्रांच्या विक्री नोंदवहीवरून ठरवावं.