उत्खनकांचे वेतन

उत्खनन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. खड्ड्याच्या काठावर सरकारी खात्याचा अथवा विद्यापीठाचा अधिकारी, आणि खाली आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आणलेली माणसे. ब्रिटनमध्ये हे चित्र पालटून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तेथे चिखलात गुडघे टेकून कुदळ चालविणारा मनुष्य स्वतःच बहुधा पदवीधर असतो. आणि तरीही त्या देशातील सरासरी नोकरदाराइतके वेतन त्याच्या पदरात पडत नाही. २०१२-१३ साली या व्यवसायाची जी पाहणी झाली, तीत पुरातत्त्वज्ञाचे सरासरी वार्षिक वेतन २७,८१४ पौंड भरले. पूर्णवेळ काम करणाऱ्या सर्वसाधारण ब्रिटिश नोकरदाराचे वेतन त्या वेळी ३२,७०० पौंडांच्या घरात होते. वरिष्ठांचे पगार मिळवूनही ही सरासरी! मग पावसात माती खरवडणाऱ्या नवख्याचे काय होत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

याचे मूळ एका चांगल्या धोरणात आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९८९ साली लंडनच्या सदर्क भागात कचेऱ्यांच्या इमारतीसाठी पाया खणताना १५८७ मध्ये बांधलेल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष हाती लागले, आणि ते वाचविण्यासाठी नामांकित नटनट्या रस्त्यावर उतरल्या. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, इंग्लंडच्या सरकारने नगरनियोजनाची नवी मार्गदर्शिका काढली. जो बांधकाम करील त्यानेच पोटातील अवशेषांच्या उत्खननाचा आणि नोंदीचा खर्च सोसावा, असा तिचा आशय. तत्त्व निर्दोष आहे. परंतु त्यामुळे जो पैसा देतो त्याला ज्ञानाची गरज नाही आणि ज्याला ज्ञान हवे त्याच्या हाती पैसा नाही, अशी विचित्र गाठ पडली. बांधकामवाल्यास परवानगी हवी असते, ती लवकर आणि स्वस्तात हवी असते. तो निविदा मागवितो. यंत्राचे भाडे, इंधन, प्रयोगशाळेचे शुल्क यांत कोणालाच फारशी काटकसर साधत नाही. मग निविदेतला आकडा खाली आणावयाचा तो कशातून? मजुरीतून. उत्खननाचे काम घेणाऱ्या संस्थांपैकी कित्येक मोठ्या संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांचे चालक दुष्ट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण शेजाऱ्याने दर पाडला की सज्जनासही तो पाडावाच लागतो.

आणि वर उपदेश असा की, तुम्हाला कामाचा आनंद मिळतो ना? आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत. त्यांनी हा प्रश्न पुष्कळदा ऐकला असेल. वाण्याच्या दुकानात हे नाणे चालत नाही.

मंदी आली की हाच मनुष्य पहिल्याने घरी बसतो. २००७-०८ च्या पाहणीत ब्रिटनमधील पुरातत्त्वज्ञांची संख्या ६,८६५ मानली होती. पाच वर्षांनी ती ४,७९२ वर आली. पुढे लंडन-बर्मिंगहॅम वेगवान रेल्वेच्या मार्गावर २०१८ पासून हजाराहून अधिक पुरातत्त्वज्ञ लागले, आणि २०१९ मध्ये सरकारने या व्यवसायाचे नाव तुटवड्याच्या धंद्यांच्या यादीत घातले. माल दुर्मिळ झाला की भाव चढतो, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात सांगतात. येथे काय झाले? पुढील काही वर्षे, एप्रिल २०२४ पर्यंत, त्या यादीतील धंद्यांसाठी परदेशातून माणूस आणणाऱ्यास प्रचलित दरापेक्षा वीस टक्के कमी वेतन देण्याची मुभा होती! तुटवड्यावर हा उतारा ज्याने काढला त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे तितके थोडेच.

हा केवळ त्यांच्या पोटाचा प्रश्न असता तरी आम्ही तो मांडला असता. पण उत्खनन हे असे काम आहे की ते पार पडताच त्याचा पुरावा नष्ट होतो. घोड नदीच्या काठी इनामगावला ताम्रपाषाणयुगातील घरांचे आकार ओळखता आले, त्यात खांबांच्या खळग्यांचा मोठा वाटा होता. असा खळगा म्हणजे मातीतला जरासा गडद डाग. मुरलेल्या डोळ्याला तो दिसतो, नवख्याच्या हातून खरवडून जातो, आणि गेला तो कायमचा. दहा वर्षांचा अनुभव घेतलेला मनुष्य घरभाडे परवडत नाही म्हणून दुसऱ्या धंद्यात शिरतो तेव्हा त्याच्या जागी नवा उमेदवार मिळेलही. तो डोळा मिळत नाही.

मग उपाय कोणता? १९८२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१४ मध्ये राजसनद मिळालेल्या तेथील व्यावसायिक संस्थेने किमान वेतनाचे आकडे सुचविले आहेत. ते काम मोलाचे आहे. तथापि जिच्या छत्राखाली काम देणारे आणि काम करणारे दोघेही बसतात, ती संस्था शिफारस करू शकते, हुज्जत घालू शकत नाही. हुज्जत घालावयास कामगार संघटनाच लागते. ‘प्रॉस्पेक्ट’ या संघटनेत पुरातत्त्वज्ञांची शाखा आहे, काही मोठ्या संस्थांत ती वाटाघाटीसही बसते. पण तीन महिन्यांच्या करारावर गावोगाव फिरणाऱ्यांना एकत्र बांधणे सोपे नाही. पदवीची ऐटही आड येते. वास्तविक पुरातत्त्वज्ञांना संपाचा इतिहास इतरांनी शिकविण्याचे कारण नाही. जगातील पहिल्या लेखी संपाचा दाखला त्यांच्याच विद्येने जपला आहे! इजिप्तमध्ये तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी राजांच्या थडग्यांचे कारागीर, धान्याचा शिधा थकला म्हणून, काम टाकून मंदिरामागे जाऊन बसले. तहानभुकेने आम्हाला येथे आणले, हे फेरोला कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले आणि थकलेला शिधा पदरात पाडून घेतला. तो पपायरस तुरीनच्या संग्रहालयात आहे. ते कारागीरही आपल्या कलेत निष्णात होते. संपाने त्यांची प्रतिष्ठा गेली असे कोणी लिहून ठेवलेले नाही.

शिवाय या मंडळींच्या हाती एक किल्ली आहे. परवानगीच्या अटीप्रमाणे उत्खनन पुरे झाल्याखेरीज पाया भरता येत नाही; खड्ड्यातील दहा माणसे बसली की वरची क्रेन उभी राहते. एकूण बांधकामाच्या खर्चात उत्खननाचा वाटा अल्प असतो, विलंबाचा खर्च मात्र मोठा. तेव्हा त्यांच्या संघटनेने मालकांबरोबरच नगरनियोजन कचेऱ्यांच्याही दारी जावे. काम कोणत्या दर्जाचे हवे, ते त्या कचेऱ्या परवानगीच्या अटींत बजावतातच. किमान वेतनाचा दर त्याच कागदावर उतरविला, तर निविदा भरणाऱ्या सर्वांना तो सारखाच लागू होईल, आणि शेजाऱ्याने दर पाडला ही सबब कोणालाच सांगता येणार नाही.