आईचे कान की टीव्हीचा आवाज?



गेल्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरील सोहळा आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो. आई सारखी विचारी, "काय म्हणाले रे ते?" शेवटी कंटाळून ती उठून गेली. तिला वाचता येत नाही. कानावर पडेल तेवढेच तिचे शिक्षण. "म्हातारीचे कान गेले," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. पण जुन्या रेडिओवरच्या बातम्या तिला नीट ऐकू येतात हे ध्यानात आले, तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली.

पूर्वीचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही म्हणजे भले मोठे खोके. त्यात बऱ्यापैकी स्पीकर बसत. आजचा टीव्ही पाटीसारखा सपाट. त्यातले स्पीकर लहान आणि बहुधा त्यांचे तोंड खाली किंवा भिंतीकडे. चित्र सुधारले, बोलणे मात्र पुसट झाले.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने हप्त्यावर मोठा संच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. खोक्यावर हजारो वॅटचा आकडा! बंधूंनो, 'पीएमपीओ' म्हणून छापलेला आकडा फुगवलेला असतो. 'आरएमएस' वॅट किती ते विचारा. आपल्या एका खोलीला थोडे वॅट पुरतात. कर्ज काढून धडधडाट विकत घेऊ नका.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो आणि माळ्यावरचे संगणकाचे जुने स्पीकर काढले. टीव्हीच्या मागे हेडफोनचे भोक होते, त्यात पिन घातली. काम झाले. घरी जुना डेक असेल आणि त्याला 'ऑक्स'ची सोय असेल, तर एका टोकाला हेडफोनची पिन व दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर आणावी. हेडफोनचे भोक नसेल तर लहान साउंडबार 'एचडीएमआय एआरसी' किंवा 'ऑप्टिकल' या जागी जोडता येतो. जोडूनही आवाज आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडून पाहावे. ब्लूटूथ सोपे, पण कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. कपाटात कोंबू नयेत. बास कमी करावा, कारण त्या घुमण्यात बोलणे बुडते. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर चालूच राहिले तर ते सेटिंगमधून बंद करावेत, नाहीतर आवाज दुहेरी येतो. एवढे करूनही वडीलधाऱ्यांना ऐकू येत नसेल, तर सरकारी रुग्णालयात कान तपासून घ्यावेत.

स्पष्ट आवाज म्हणजे मोठा आवाज नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. नियमाचे राहू द्या, भिंतीपलीकडे कुणाचे तरी लेकरू अभ्यासाला बसलेले असते. त्याचे पुस्तक आपल्या मालिकेपेक्षा मोठे.

आता संध्याकाळच्या बातम्यांना आई पुढे येऊन बसते. परवा बातमी ऐकून तिने आम्हालाच उलट प्रश्न विचारला. उत्तर देताना आमची तारांबळ उडाली. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना बहिरे ठरवण्याआधी एकदा टीव्हीच्या मागे डोकावून पाहा.