पुस्तकातलं चित्र जुळलं तरी थांबा

दोन दिवस झोडपून पाऊस उघडला, की नागपूरकडच्या बाजारांत पानावर मांडलेल्या सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, दिसू लागतात. कोणी त्यांना टेकोडे म्हणतं. श्रावणात मटण बंद असलेल्या घरांत त्यांचा मान मोठा, आणि भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो. मग खापरखेड्यातल्या कोणाच्या तरी मनात येतं, की कोलार नदीच्या काठी आणि क्वार्टरमागच्या मैदानात अशाच छत्र्या फुकट उगवल्यात, तर विकत कशाला घ्यायच्या? चित्रांचं पुस्तक आहे, मोबाईलवर फोटो ताडून पाहता येतो. हे आवाहन अशांसाठीच आहे.

पुस्तक जरूर घ्या. रानात हिंडताना त्याच्यासारखी सोबत नाही. पण ते नकार देण्यासाठी वापरा. एक जरी खूण जुळली नाही, तर छत्री टाकून द्यायची. सगळ्या जुळल्या, तरी ‘ही खायची’ हा निकाल पुस्तकाकडून घ्यायचा नाही. तो निकाल तीच जात, त्याच भागात, वर्षानुवर्षं काढून खाणाऱ्या माणसाचा.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. १९८८ साली अमेरिकेत दोघांनी अळंब्यांचा एक सचित्र कोश वाचून, त्यातली वर्णनं ताडून रानातून अळंब्या आणल्या आणि शिजवून खाल्ल्या. दोघांचंही यकृत निकामी झालं, प्रत्यारोपण करावं लागलं. त्यांनी प्रकाशकावर दावा लावला. १९९१ साली अपील न्यायालयाने सांगितलं, की पुस्तकातली माहिती तपासून घेण्याची जबाबदारी प्रकाशकावर टाकता येत नाही. आता तर २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या अळंबी अभ्यासकांच्या मंडळाला इशारा द्यावा लागला, की संगणकाने रचलेली ओळख-पुस्तकं ऑनलाइन विक्रीला आली आहेत, ती घेऊ नका. लेखकाने आयुष्यात एकही अळंबी हातात धरलेली नसताना पुस्तक निघू शकतं, असे दिवस आहेत.

शिवाय पुस्तक कुठलं, हेही पाहायला हवं. इंग्लंड-अमेरिकेची गुळगुळीत कागदावरची पुस्तकं देखणी असतात, पण त्यांतली बरीच झाडं आणि छत्र्या आपल्याकडे नाहीत, आणि आपल्याकडच्या त्यांत नाहीत. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० साली साठे आणि देशपांडे यांचा महाराष्ट्रातल्या अळंब्यांवरचा ग्रंथ काढला होता. मात्र तो सूक्ष्मदर्शक हाताशी असणाऱ्या अभ्यासकांसाठी आहे, संध्याकाळच्या भाजीसाठी नव्हे.

आता प्रत्यक्ष छत्रीकडे येऊ. सात्या वाळवीच्या जिवावर उगवते. वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते आणि पावसाळ्यात त्या शेतीतून ही छत्री वर येते. म्हणून तिचा देठ जमिनीपाशी संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली वाळवीच्या घरापर्यंत जातो, कधी वीतभर, कधी हातभर. वर टोपीच्या मधोमध टणक टोक असतं. माती फोडून वर यायला तेच कामाला येतं. हे मूळ सात्येची मोठी खूण, आणि नेमकी तीच आपण वरूनच खुडून जमिनीत ठेवून येतो. ओळखायची असेल तर निदान एक छत्री खुरप्याने अख्खी उकरून काढा.

मैदानात, गवतात, शेणखत पडलेल्या जागी गोल रिंगणात उगवणारी मोठी पांढरी छत्री वेगळी. टोपीवर तपकिरी खवले, देठावर सैल कडं, आणि बुडाशी ते लांब मूळ नाही. कोवळेपणी टोपीखालचे पापुद्रे पांढरेशुभ्र असतात, तेव्हा ती अगदी गरीब दिसते. पुढे त्यांच्यावर हिरवट झाक येते. ही खाल्ली की दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तिला पकडायची युक्ती सोपी आहे. देठ कापा, टोपी पापुद्रे खाली करून कागदावर ठेवा, वर वाडगं झाका आणि रात्रभर राहू द्या. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असला तर उत्तम. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. या छत्रीचा ठसा हिरवट उमटतो, सात्येचा फिकट गुलाबीसर. हा प्रयोग मुलांना जरूर करू द्या, फक्त नंतर हात धुवायला लावा आणि ते वाडगं पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

आपलं गाव वीज केंद्र आणि कोळसा खाणींमुळे दहा ठिकाणच्या माणसांचं. छिंदवाड्याची, छत्तीसगडची, बिहारची माणसं आपापल्या रानाची जाण घेऊन आली आहेत. ती जाण खोटी नाही, पण ती त्या मातीची आहे. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या कित्येकांनी गावाकडची धानाच्या तणसावरची छत्री समजून तिथली जीवघेणी ‘डेथ कॅप’ खाल्ली. दोघींच्याही बुडाशी पिशवी असते. एकीचा ठसा गुलाबी, दुसरीचा पांढरा. हा फरक बघायला रात्रभर थांबावं लागतं, आणि भुकेला तेवढा दम नसतो.

कुठल्याच पुस्तकात नसलेली एक गोष्ट खापरखेड्याची म्हणून सांगतो. वारेगावकडच्या राख तलावांच्या आसपास, राखेच्या ट्रकांच्या रस्त्यालगत किंवा खाणीच्या ढिगाऱ्यांवर उगवलेली छत्री खरी सात्या निघाली, तरी खाऊ नका. छत्र्या जमिनीतला पारा आणि कॅडमियमसारखे धातू अंगात ओढून साठवतात. कोळशाच्या राखेत असे धातू असतात, आणि धुऊन-उकळून ते जात नाहीत.

चांदीचं नाणं काळं पडलं की विषारी, किड्याने खाल्ली म्हणजे चांगली, भात किंवा लसूण रंग बदलतो, हळद टाकून उकळली की विष मरतं, हे सगळं डोक्यातून काढा. डेथ कॅपचं विष उकळून, तळून, वाळवूनही टिकतं.

आणि कोणी खाल्लीच, तर घड्याळ पाहा. तासा-दोन तासांतल्या उलट्या त्रासदायक, पण बहुतेकदा निभावतात. सहा-आठ तासांनंतर किंवा दुसऱ्या दिवशी सुरू झालेले उलट्या-जुलाब जास्त भीतीचे, कारण यकृतावर जाणारं विष असंच उशिरा उमटतं. मधे एक-दोन दिवस बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि आत यकृत खचत असतं. म्हणून बरं वाटण्याची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, नाहीतर गाडी करून सरळ नागपूरचं मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा. ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना सोबत न्या, त्रास होत नसला तरी. उरलेली भाजी, निवडताना फेकलेले देठ, कचऱ्यातला तुकडा कागदात गुंडाळून घ्या, आणि किती वाजता खाल्लं, पहिली उलटी कधी झाली ते चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.